कारणाचा रकाना

गुरुवारी उपकेंद्राचं कुलूप मीच उघडते.
आधी टेबलावरची पाल हाकलते,
मग वही काढते : नाव, वय, लक्षण, कारण, सल्ला.
कारणाचा रकाना छापणाऱ्यानं
दोन बोटंच रुंद ठेवलाय.

मंजुळा मेश्राम विचारते,
"पोराचे डोये हळदीवानी काऊन झाले, बाई?
लगनाची हळद तं अजून लागली नाई."
स्वतःच हसते,
आणि हसता हसता पदर तोंडाशी नेऊन थांबते.
तिच्यामागं देवाजी कुमरे, गुडघ्याला फडकं बांधून.
त्याचा प्रश्न दर हिवाळ्याचा :
"हाडात कोन येऊन बसते वो?
रातभर कुटते, पायटी निंगून जाते."

बाकीचे प्रश्न मला तोंडपाठ आहेत.
एका ताटात जेवलं तं लागते काय?
बोरं खाल्ल्यानं होते, का बोडीत पोवल्यानं?
मोहाची पिल्यानं, का न पिल्यानं?
(हा सोमाचा. दरवेळी. गंभीर चेहऱ्यानं.)
अवसेला बांधीत पाय ठेवला म्हून?
गोळी जन्मभर म्हंजे कोनाच्या जन्मभर?

लागत नाही, मी सांगते. शिवून नाही, उष्ट्यानं नाही.
थंड पाण्यात उतरू नको हे खरं,
पण बोडीनं दिलेलं नाही हे.
पाणी पीत राहा. भर उन्हात भारे वाहू नको.
आणि ताप चढला, छाती दुखली, तर गुरुवारची वाट नको बघू,
सरळ नागभीडला ने. रात्र असली तरी ने.

मग पाटीवर चित्र.
ही पेशी गोल, नसांमधून घरंगळत जाणारी.
ही वाकलेली, विळ्यासारखी. अडकते. मागच्यांची वाट अडवते.
"इळा?"
कचराबाई पुढं सरकली. तिच्या डाव्या करंगळीवर
धान कापण्याच्या किती दिवाळ्यांच्या खुणा.
"रक्तात इळा कोनं टाकला?"

पंखा तेवढा कुरकुरत होता.
लोक कारण विचारतात
आणि नाव ऐकायला थांबतात.
सासू सुनेकडं बघते, सून फरशीकडं,
नवऱ्याला एकाएकी बाहेर सायकल आठवते.

मी डबी उघडली. लाखोळीचे दाणे,
दोन बापाचे, दोन मायचे.
दोघांच्याही एकेका दाण्याला काजळ लावलेलं.
दोघंही धडधाकट, दोघांची कार्डं पिवळी,
लग्नाआधी कुणी बघितली नाहीत.
(माझंही पिवळं आहे. टेबलाच्या खणात.
तो प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही.)

कचराबाईच्या नातवाला, प्रणयला, म्हटलं,
डोळे मीट. इकडचा एक घे, तिकडचा एक.
त्यानं घेतले. मूठ उघडली.
दोन्ही काळे.

"हे असं झालं बघ," मी म्हणाले,
"कुणी टाकलं नाही. पापाचं नाही. हाताला आलं ते आलं."
म्हातारी नातवाच्या मुठीकडं बघत राहिली.
"डोये तं मिटलेलेच होते त्याचे," ती हळूच म्हणाली,
सुनेला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही.

प्रणय म्हणाला, "पुन्हा."
पुन्हा डोळे मिटले त्यानं, या वेळी घट्ट,
कपाळाला आठ्या पडेपर्यंत.
एक काळा, एक कोरा.
"आता मी बरा?"

इतकी वर्षं प्रश्न ऐकतेय.
याला काही म्हणाले असेन मी,
पाणी पी म्हणाले असेन,
गोळ्यांचं पाकीट दिलं, तारीख लिहून दिली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं "आनुवंशिक".
शेवटची दोन अक्षरं रेघेबाहेर गेली.

संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी
डबीतले दाणे मोजले.
एक कमी होता.
कोरा.